बिघडलं तर कोण येणार?

खंडेनवमीला तारापूर एमआयडीसीत रिॲक्टरला हार, बॉयलरला हार, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कुंकवाचं बोट, असा सगळ्यांचा मान होतो. २०२५ साली ते कुंकू मॉनिटरवरून पुसलंही गेलं नसेल, तोच १४ ऑक्टोबर उजाडला आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली. कॉम्प्युटर काही बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तो सुरू झाला, टॅली उघडलं, चलनं छापली गेली. फरक एवढाच, की यापुढे विंडोज १० मध्ये एखादं भगदाड सापडलं तर ते बुजवणं ही कंपनीची जबाबदारी उरली नाही. नोंदणी करणाऱ्यांना वर्षभराची सवलत होती. पण चोरीच्या विंडोजवर चालणाऱ्या ऑफिसात नोंदणी हा शब्दच कोणी काढत नाही.

विंडोज ११ घ्यावं तर ते जुन्या मशीनवर चढत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. बोईसर-पालघरकडच्या छोट्या ऑफिसांत मशीन येतं ते बहुधा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं, कुठल्या तरी मोठ्या कंपनीने काढून टाकलेलं. चौथ्या नाही तर सहाव्या पिढीतलं. चालायला ठणठणीत, फक्त नियमात न बसणारं.

अशा वेळी घरातला कॉलेजात जाणारा पुतण्या म्हणतो, “काका, लिनक्स टाका. फुकट आहे.” काकांचे प्रश्न दोनच असतात. टॅली चालतं का? आणि बिघडलं तर कोण येणार?

पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे, ते पुढे येईलच. दुसऱ्याला मात्र लिनक्स जन्माला येऊन तीस वर्षं उलटली तरी आपल्या भागात नीट उत्तर मिळालेलं नाही, आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे.

फुकटपणाची जाहिरात लिनक्सवाल्यांनी उगाच केली. जिथे विंडोजही फुकटच पडतं तिथे फुकट असण्याला कसली किंमत? नाक्यावरचा कॉम्प्युटरवाला फॉरमॅट मारायचे चार-पाचशे रुपये घेतो, त्यात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, मराठी फाँट सगळं भरून देतो. ‘ही प्रत अस्सल नाही’ अशी ताकीद पडद्यावर आली तर तीही घालवतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब सांगतं, की जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या भीतीने झोप उडालेला दुकानदार मला तरी भेटलेला नाही.

लिनक्स या भागात पोचलंच नाही, असंही नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची. २००४ मध्ये उबंटू हे लिनक्स आलं आणि त्यांची शिपइट योजना सुरू झाली. पत्ता कळवला की परदेशातून सीडी पोस्टाने घरी, टपालखर्चही त्यांचाच. २०११ मध्ये योजना बंद होईपर्यंत देशभरातल्या हॉस्टेलांत त्या सीड्या साठल्या. पाकीट फोडण्यात जेवढी मजा होती, तेवढी पुढे राहिली नाही. सीडी घालायची, तपकिरी पडदा बघायचा, मॉडेम ओळखला जात नाही म्हणून हळहळायचं आणि परत विंडोजमध्ये जायचं. बिघडलं तर यायला कोणी नव्हतंच, आणि फोरमवर इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर आधी इंटरनेट चालू हवं.

दुसरीकडे एमकेसीएलने एमएस-सीआयटी गावोगाव नेलं. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागल्यावर तालुक्याच्या गावी केंद्रं निघाली, आणि तिथे शिकवलं गेलं ते विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. मोखाड्यापासून चिंचणीपर्यंत एका अख्ख्या पिढीसाठी कॉम्प्युटर म्हणजे डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण. याला कट म्हणण्यात अर्थ नाही. जे ऑफिसात होतं ते शिकवलं, आणि जे शिकवलं तेच ऑफिसात राहिलं. त्याचा एक मोठा फायदाही झाला, तो लिनक्सवाले कबूल करत नाहीत: शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही तेच येत होतं. अडलं तर हाक मारता येत होती.

*

कुणाच्या तरी हातात किल्ली देऊन बसण्याचा अर्थ काय, हे या परिसराला कॉम्प्युटर येण्याच्या आधीपासून माहीत असायला हवं. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिली. व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली २८ ऑक्टोबर १९६९ ला. (बरोबर दोन महिन्यांनी, २८ डिसेंबरला, फिनलंडमध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सचा जन्म झाला. योगायोगच, पण टिपून ठेवण्यासारखा.) या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं, आणि १९६३ च्या करारानुसार ते अमेरिकेकडूनच घ्यायचं होतं, दुसऱ्या कोणाचं वापरायचं नाही अशा अटीवर. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधनाच्या खेपा अडकू लागल्या. करार कागदावर होता, भट्टी अक्करपट्टीच्या किनाऱ्यावर होती, आणि इंधन येणार की नाही हे वॉशिंग्टनमध्ये ठरत होतं. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठा करायचं मान्य केलं, पुढे चीन आणि रशियाकडूनही इंधन आलं. त्याच आवारात २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेली ५४० मेगावॉटची तिसरी-चौथी युनिटं मात्र भारतीय आराखड्याची, साध्या युरेनियमवर आणि जड पाण्यावर चालणारी आहेत.

भट्टीची आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरची तुलना फार ताणू नये. पण दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच: उद्या समोरच्याने हात आखडता घेतला तर माझं काम किती दिवस चालेल? हा प्रश्न हवेतला नाही. २०२५ च्या जुलैत युरोपीय संघाने रशियन भागीदारी असलेल्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या सेवा थांबवल्या. वाडीनारची रिफायनरी इथून काही फार लांब नाही, आपल्याच किनाऱ्याने वर गेलं की गुजरातेत लागते. देशातल्या मोठ्या रिफायनऱ्यांपैकी एक, आणि तिच्या कर्मचाऱ्यांची ई-मेल बंद. पैसे भरलेले होते, परवाने खरे होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मग सेवा सुरू झाल्या. बोईसरच्या कारखान्यावर युरोपीय संघ कशाला निर्बंध घालेल, हे खरंच. पण त्याचं ऑनलाइन खातं बिल थकल्याने, पासवर्ड विसरल्याने किंवा नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मोबाइल नंबरवर ओटीपी जात असल्याने बंद पडतं. परिणाम तोच.

नकारातून काय उभं राहू शकतं याचंही उदाहरण मराठी मुलखातलंच आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याच सुमारास ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने अनुपम मालिका सुरू केली. या अनुपमच्या पुढच्या आवृत्त्या बाजारात मिळणारे साधे पेंटियम कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, त्यांवर लिनक्स चालवून केलेल्या होत्या. आज तर जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्स सोडून दुसरं काही नाही. २०१७ च्या नोव्हेंबरपासून ही स्थिती आहे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्ये, भिंतीवरच्या राउटरमध्ये आणि बहुतेक सीसीटीव्हीच्या डब्यांतही तेच आहे. म्हणजे काकांच्या ऑफिसात लिनक्स आधीच शिरलेलं आहे, फक्त टेबलावर चढलेलं नाही.

*

कर्जत तालुक्यातलं खैरात हे गाव लिनक्सच्या या कथेत कोणी फारसं सांगत नाही. २००७ मध्ये तिथल्या एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारत सरकारने वर्षभरापूर्वीच त्या योजनेला नकार दिला होता. तरी देशातला पहिला छोटा प्रयोग खैरातला झाला. लॅपटॉप लिनक्सवर चालणारे, वर शुगर नावाचा मुलांसाठीचा पडदा. शाळेत मुलं वीस-बावीस, काही पहिलीतली, काही चौथीतली, सगळी एका खोलीत. प्रयोग चर्चेत राहिला तो यंत्रामुळे, टिकला मात्र वेगळ्या कारणाने: शाळेत मन लावून बसणारे गुरुजी होते आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातली मंडळी त्यात लक्ष घालत होती. म्हणजे बिघडलं तर येणारं कोणीतरी होतं.

हेच मोठ्या प्रमाणावर केरळने केलं. तिथल्या सरकारी शाळा राज्याच्या ‘काइट’ या संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर चालतात. काइटने सॉफ्टवेअर तर दिलंच, पण शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, जिल्ह्याजिल्ह्यात माणसं नेमली. आपल्याकडे २००७ मध्ये सी-डॅकने बॉस लिनक्स आणलं, २०१५ मध्ये केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. धोरणाचा कागद फोन उचलत नाही.

*

आता पहिल्या प्रश्नाकडे. टॅली विंडोजसाठी आहे. लिनक्सवर ते वाइन नावाच्या मधल्या सॉफ्टवेअरच्या आधाराने ओढूनताणून चालवता येतं, पण महिन्याच्या वीस तारखेला जीएसटी भरायचं असताना ओढाताण कोणाला हवी? ऑफिसातलं एक मशीन विंडोजवर, अस्सल परवाना विकत घेऊन, टॅलीसाठी राखून ठेवावं आणि बाकीच्यांनी गरज पडेल तेव्हा रिमोटने त्यावर जावं, हे मला शहाणपणाचं वाटतं. कट्टर लिनक्सवाल्यांना हे पटणार नाही. त्यांच्याकडे पगारपत्रक अडलेलं नसतं.

खरा अडसर टॅलीपेक्षा प्रिंटर घालतो. कॅननचं एलबीपी २९०० माहीत नाही असा झेरॉक्सवाला, सीए किंवा वकील पालघरच्या कचेरी रोडला शोधून सापडणार नाही. दणकट यंत्र आहे. पण ते कंपनीच्या कॅप्ट नावाच्या खासगी भाषेत बोलतं आणि लिनक्सशी त्याचं कधीच धड जमलं नाही. तासन्‌तास घालवून ते चालू करणारे आहेत, आणि पुढच्या अपडेटला ते परत बंद पडल्यावर नशिबाला बोल लावणारेही आहेत. म्हणून लिनक्सचा विचार करणाऱ्याने आधी प्रिंटरकडे बघावं. नवी नेटवर्कवाली यंत्रं बहुतेक आपोआप ओळखली जातात.

आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी, आधारच्या बोटांचे ठसे घेणाऱ्यांनी, दिवसभर डिजिटल सिग्नेचरची टोकन लावणाऱ्यांनी या वाटेला सध्या जाऊच नये. ती उपकरणं आणि त्यांची पोर्टलं विंडोज डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत. समोर दाखल्यासाठी विक्रमगडहून आलेली बाई उभी असताना ड्रायव्हर शोधत बसणं हा तिच्यावर अन्याय आहे. डीटीपीवाल्यांचंही तेच. पेजमेकर, कोरल आणि श्री-लिपीत ज्यांची लग्नपत्रिकांची आणि दिवाळी अंकांची वीस वर्षं साठलेली आहेत, त्यांच्या फाइली लिनक्सवर उघडल्या तर अक्षरांच्या जागी खडे दिसतात. दोष लिनक्सचा नाही, युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांचा आहे. पण ऑपरेटरला दोष कोणाचा याच्याशी देणंघेणं नसतं.

मराठीच्या बाबतीत मात्र चित्र लोकांना वाटतं त्याहून फार चांगलं आहे. विंडोजवरचा मंगल फाँट आयआयटी मुंबईत शिकवलेल्या प्रा. र. कृ. जोशींनी केलेला. लिनक्सवर लोहित देवनागरी २००४ पासून मोकळा मिळतो, तो रेड हॅटने खुला केला. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा मुक्ता फाँटही फुकट आणि देखणा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तर आतच असतो, फोनेटिकही जोडता येतो. लिब्रे ऑफिसमध्ये अर्ज, पत्रं, कोटेशन सहज होतात. फक्त अवघड मांडणीची वर्ड फाइल दुसऱ्याला परत पाठवायची असेल तर पीडीएफ करावी, वाद टळतात.

मग लिनक्स कोणी घ्यावं? ज्याचं काम ब्राउझर, ई-मेल, पत्रं, शीटं आणि पीडीएफ यांत संपतं त्याने. कारखान्याच्या स्टोअरचा, गेटवरचा, पर्चेसचा कॉम्प्युटर. निवृत्त मास्तरांचा लॅपटॉप. आणि कोणतं घ्यावं, यावर तरुण मंडळी रात्र रात्र भांडतात. माझं मत विचाराल तर सर्वांत रटाळ असेल ते. लिनक्स मिंट किंवा डेबियन. दिसायला जुनाट, वर्षानुवर्षं तसंच राहणारं. रोज नवं काही देणारं लिनक्स हे हौशी माणसासाठी असतं, पर्चेसवाल्या बाईंसाठी नव्हे. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. प्रिंट येते का, वायफाय दिसतं का, ‘ऱ्हस्व’ आणि ‘ॲप’ नीट उमटतात का, हे तेवढ्यात कळतं.

*

टेबलावरचा कॉम्प्युटर बदलण्याआधी मागच्या खोलीतला बदलावा, असं मला वाटू लागलं आहे. कारण कारखान्याचा जीव डेस्कटॉपमध्ये नसतो, तो फाइलींमध्ये असतो. बॅचचे रेकॉर्ड, विश्लेषणाचे अहवाल, प्रदूषण मंडळाची पत्रं, हिशेब. २०२२ च्या ऑगस्टपासून कंपन्यांनी हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा असा नियम आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरने कोणी काय बदललं याची नोंदही ठेवायची आहे. किती प्रायव्हेट लिमिटेड हे नेमाने करतात, ते त्यांच्या सीएंनाच ठाऊक.

एक जुनं मशीन, त्यात दोन हार्ड डिस्क, डेबियन आणि नेक्स्टक्लाउड. एवढ्यात ऑफिसच्या फाइली आपल्याच छपराखाली, मोबाइलवरही दिसतील अशा राहतात. याच्या पुढची पायरी ईआरपीनेक्स्ट. हे सॉफ्टवेअर मुंबईचं आहे. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी ईआरपीचा शोध घेता घेता ते उभारलं, आणि खुलं केलं. खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब, जीएसटी सगळं त्यात होतं, आणि ते स्वतःच्या मशीनवर चालवता येतं. पाच कोटींवरच्या उलाढालीला २०२३ च्या ऑगस्टपासून ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, त्याचीही सोय आहे. पण ईआरपी बसवणं म्हणजे सॉफ्टवेअर बसवणं नव्हे. स्टोअरकीपरने माल आल्या आल्या नोंद करायला लागणं, हे खरं काम. तिथे सॉफ्टवेअर देशी की विदेशी, मोकळं की बंद, काही फरक पडत नाही.

ई-मेलचा सर्व्हर मात्र स्वतः चालवायला जाऊ नका. तुमची पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतील आणि ऑर्डर गेल्यावर कळेल.

अडचणी सांगितल्याच पाहिजेत. इथल्या केबलवाल्याच्या इंटरनेटला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक कोंबलेले असतात. त्यामुळे बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचायचं तर जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या नाही तर वायरगार्डसारखा बोगदा काढा. दुसरी गोष्ट हवेची. समुद्राचा खार आणि त्यात केमिकल झोनमधली आम्लाची वाफ. तांब्याचे संपर्क हिरवे पडतात, मदरबोर्ड अकाली जातात. सर्व्हर प्लँटला चिकटलेल्या खोलीत ठेवू नये, हे साधं पथ्य. वीज जाणार हे गृहीतच. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्याच्या गावांनी अंधार अनुभवला. यूपीएस हवा, आणि तो सर्व्हरला सांगणारा हवा की बाबा, बॅटरी संपत आली, आता नीट बंद हो.

वीज जाण्यावरून एक गोष्ट. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा उत्पात जगभर पसरला. मेर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर कोसळले आणि त्यात न्हावाशेव्याच्या बंदरातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या जाळ्याची किल्ली असलेले सर्व्हर सगळीकडे पुसले गेले होते. वाचला एकच, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्यातल्या माहितीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. महावितरणच्या भरवशावर बॅकअप ठेवावा असं मी म्हणत नाही; पण एक प्रत जाळ्यापासून तोडलेली, कपाटात कुलपात, आणि दुसरी कारखान्याबाहेर, मालकाच्या घरी, हे हवंच. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून फाइल परत काढून बघायला हवी. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी उघडत नाही, हा अनुभव या धंद्यातला प्रत्येक जण सांगतो.

हे सगळं करणारा माणूस कुठून आणायचा? तो इथेच आहे. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीत लिनक्सचं ॲडमिनिस्ट्रेशन शिकवतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. पालघर-बोईसरची मुलंमुली हे शिकतात आणि मग २०१३ पासून डहाणूपर्यंत आलेली लोकल पकडून अंधेरी-गोरेगावला दुसऱ्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळायला जातात. त्यांना इथे ठेवायचं तर एका छोट्या कारखान्याचा पगार पुरणार नाही, आणि फॉरमॅटमागे चार-पाचशे रुपये या हिशेबात तर मुळीच नाही. जो मशीन बिघडल्यावरच कमावतो, त्याला ते न बिघडण्यात काय रस?

तारापूरने सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र उभारलं, कारण एकेका युनिटला स्वतंत्र केंद्र परवडत नव्हतं. त्या केंद्राचा इतिहास मिरवण्यासारखा नाही, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. पण खर्च वाटून घेण्याची कल्पना चुकीची नव्हती. दहा-पंधरा युनिटांनी मिळून वर्षाच्या करारावर एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आणि त्याच्या हाताखाली एक शिकाऊ ठेवायला काय हरकत आहे? औद्योगिक वसाहतीत उद्योजकांची संघटना आहे, सभागृह आहे, व्हॉट्सॲप ग्रुप तर आहेच. ठरवायच्या गोष्टी मोजक्या: पैसे कोण किती भरणार, रात्री अकराला सर्व्हर पडला तर फोन कोण उचलणार, एका युनिटच्या फाइली दुसऱ्याला दिसणार नाहीत याची जबाबदारी कोणाची, आणि सगळे पासवर्ड त्या एकट्याच्या डोक्यात न राहता पाकिटात बंद करून कोणाच्या तिजोरीत ठेवायचे. शेवटचा मुद्दा आधी लिहून घ्यावा. चांगला माणूस असेल तर दोन वर्षांत त्याला अंधेरीहून फोन येणारच आहे.